मुक्या वेदनेची मोजणी



सुई टोचताच हात मागे येतो. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. परंतु मज्जातंतूलाच इजा झाली, की हा पहारेकरी संकट नसतानाही आरोळ्या ठोकू लागतो. मधुमेहात तळपायांची आग होते. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी कपड्याचा स्पर्श सोसवत नाही. जखम दिसत नाही, म्हणून घरच्यांचाही कधीकधी विश्वास बसत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच संशोधकांना नव्या वाटा धुंडाळाव्या लागतात.

त्यांपैकी एक वाट अँटिऑक्सिडंट द्रव्यांची. प्राणवायूच्या वापरातून पेशींत ‘मुक्त मूलके’ नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात. ते प्रमाणाबाहेर वाढले, की मज्जारज्जूतील वेदनावाहक पेशी अधिक उत्तेजित होतात, असे पुरावे मिळाले आहेत. मग ही मूलके निष्प्रभ केली तर वेदना शमेल काय?

अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी २००४ साली या प्रश्नाचा एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यातून मागच्या पायाकडे जाणारा एक मज्जातंतू बांधून उंदरांत अशी वेदना निर्माण केली जाते. ही पद्धत किम आणि चुंग यांनी १९९२ मध्ये मांडली होती. उंदीर बोलत नाही. म्हणून त्याला जाळीवर ठेवून, ठराविक दाबाला वाकणारा बारीक तंतू खालून त्याच्या तळपायाला टेकवतात. निरोगी उंदीर ज्या हलक्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करतो, त्याच स्पर्शाने इजा झालेला उंदीर पाय उचलतो. पीबीएन हे मुक्त मूलके टिपणारे द्रव्य दिल्यावर हे पाय उचलणे कमी झाले. मज्जारज्जूभोवती दिल्यावरही ते प्रभावी ठरले. त्यावरून त्याचे कार्य प्रामुख्याने तेथेच घडत असावे, असा निष्कर्ष निघाला.

येथे सावधगिरी हवी. औषधाने गुंगी आली तरी उंदीर पाय उचलणार नाही! म्हणून त्याच्या हालचालींची वेगळी परीक्षा घ्यावी लागते. काही उंदरांना औषधाऐवजी निव्वळ द्रावण द्यावे लागते, आणि कोणाला काय दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे लागते. स्वतःच्या आशेने स्वतःचीच फसवणूक होऊ नये, यासाठी हे सारे नियम आहेत.

यशानंतरची परीक्षा तर त्याहून कठोर असते. पीबीएनपासूनच बनवलेले एनएक्सवाय-०५९ हे औषध पक्षाघातावर प्राण्यांत आशादायक ठरले होते. परंतु ३,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, हे २००७ मध्ये संशोधन-निबंधात प्रसिद्ध झाले. उंदराचा पाय आणि माणसाचे दुखणे यांत अंतर आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेली डबी पाहून वैद्यकीय सल्ल्याविना औषध बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि त्या मुक्या जिवाचे काय? रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन सूत्रे सांगितली: शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, त्यांचा त्रास कमी करावा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८३ मध्ये त्याहून पुढे जाऊन, शक्य असल्यास वेदनादायक उद्दीपन संशोधकाने आधी स्वतःवर अजमावावे, असेही सुचवले. भारतातही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत अशा प्रयोगांना समितीची पूर्वपरवानगी लागते.

ही परवानगी म्हणजे केवळ कागद नव्हे. मोजमाप ढिले राहिले, तर त्या प्राण्याने सोसलेले दुःख वाया जाते आणि रुग्णालाही खोटी आशा मिळते. उद्या प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्या मुलामुलींना सूत्रांबरोबर ही जबाबदारीही आजच शिकवली पाहिजे.