जखमेचं माप



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "त्वचारोपणाचं बिल." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मॅडम, नुसतं 'त्वचारोपण' छापलं तर चालेल का?" पत्रिकेत तसंच छापलंय. कुणी डॉक्टरांचं भाषण ऐकायला आलं असेल तर आत्ताच माफी मागते. मी डॉक्टर नाही. बी.फार्म. झाले आणि गेली बारा वर्षं पुण्यात बसून अमेरिकेतल्या ऑपरेशनांचं कोडिंग करते. आई अजूनही शेजारीपाजारी सांगते, "हॉस्पिटलच्या काउंटरला असते."

काम असं. तिकडचा सर्जन ऑपरेशन करतो, काय केलं ते लिहितो किंवा बोलून टाइप करून घेतो. ती ऑपरेशन नोट माझ्या स्क्रीनवर येते. मी ती वाचायची आणि तिचे आकडे करायचे. का केलं याचा एक आकडा, काय केलं याचा दुसरा. 'का' येतो रोगांच्या यादीतून; आयसीडीची दहावी आवृत्ती, जी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. 'काय' येतो सीपीटी नावाच्या पुस्तकातून. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते, पहिलं १९६६ साली निघालं, आणि दरवर्षी नवं निघतं. विमा कंपनी नोट नंतर वाचते, वाचली तर. आधी आकडे वाचते.

खऱ्या रुग्णाबद्दल मला इथे बोलता येत नाही. तसा कायदाही आहे आणि धंद्याची रीतही. म्हणून एक माणूस कल्पू या. वय चाळीस. तळणाचं उकळतं तेल उजव्या मांडीवर सांडलं, कातडी पूर्ण खोलीपर्यंत भाजली. सर्जनने मेलेला भाग कापून जखम तयार केली. जखमेचं माप १८ बाय १४ सेंटीमीटर. मग डाव्या मांडीवरून डर्मॅटोमने कातडीचा पातळ थर काढला. डर्मॅटोम म्हणजे वेफर करायच्या किसणीचा श्रीमंत चुलतभाऊ समजा. हा थर १४ बाय १२चा. तो एका यंत्रातून काढला की त्याला बारीक चिरा पडतात आणि तो जाळीसारखा ताणला जातो. आपण आकाशकंदिलाच्या कागदाला चिरा देऊन ओढतो तसाच. इथे दीडपट ताणला आणि जखमेवर बसवला.

आता पैसे कशाचे लावायचे? काढलेल्या कातडीचे की झाकलेल्या जखमेचे?

नवखा कोडर इथे हमखास घसरतो, कारण नोटमध्ये दोन्ही मापं एकाखाली एक असतात. चौदा बारे एकशे अडुसष्ट; अठरा चौदे दोनशे बावन्न. नियम सांगतो, जिथे कातडी लावली तिथलं माप घ्या. म्हणजे २५२. धड, हात आणि पाय यांवरच्या पातळ थराच्या रोपणाला पहिल्या १०० चौरस सेंटीमीटरला १५१००, पुढच्या प्रत्येक १००ला किंवा त्याच्या भागाला १५१०१. उरले १५२, म्हणजे १५१०१ दोनदा. जखम तयार करण्याचा आकडा वेगळा, १५००२, आणि त्याच्या मागे १५००३ दोनदा. चुकून १६८ धरलं असतं तर एक युनिट कमी. सर्जनने केलेल्या कामाचा एक तुकडा हवेत गेला असता. उलट लबाडीही सोपी आहे. जखम साफ करण्याचे पैसे १५००२मध्ये आलेलेच असतात, तरी त्याच जखमेसाठी ११०४२ ही साफसफाई पुन्हा लावायची. याला आमच्यात अनबंडलिंग म्हणतात. एकच खोली दोनदा झाडल्याचे पैसे मागणारी बाई आपण घरी ठेवू का?

त्याच माणसाच्या हाताच्या पंज्यावरही तेल उडालं असेल तर ते मांडीच्या मापात मिळवायचं नाही. चेहरा, मान, हाताचे पंजे, पावलं यांची रांग वेगळी, तिथे १५१२०. आणि पूर्ण जाडीची कातडी लावली तर हिशेब शंभरावरून एकदम वीस चौरस सेंटीमीटरवर येतो. नाक, कान, पापण्या आणि ओठ यांना त्यातही स्वतःचा आकडा आहे. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर सेंटीमीटर सोडून अंगाचे टक्के मोजायचे. मुलाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, साधारण एक टक्का. हे वाचलं तेव्हा मी घरी झोपलेल्या मुलीचा पंजा तिच्या पाठीवर ठेवून पाहिला होता. धंद्यात माणूस असा बिघडतो.

भाजण्याच्या कारणालाही आकडा आहे. उकळत्या तेलाला एक्स १०.२. त्या यादीत शोधलं तर वॉटर-स्की पेटल्यामुळे भाजणं हेसुद्धा सापडतं, व्ही ९१.०७. पाण्यावर घसरायच्या फळ्या पेटतात कशा, हे बारा वर्षांत मला कुणी समजावलेलं नाही. पण या आकड्यांच्या शेवटी एक सातवं अक्षर असतं आणि ही यादी लागू झाली त्या पहिल्याच वर्षी त्याने मला रडवलं होतं. ए, डी किंवा एस. ए म्हणजे पहिली वेळ, डी म्हणजे नंतरची. माझ्या नोटमधला रुग्ण भाजल्यानंतर विसाव्या दिवशी रोपणाला आला होता. विसावा दिवस, म्हणजे पहिली वेळ कशी? मी डी लावला. क्यूएने, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांनी, चार्ट परत पाठवला, माझी टक्केवारी पडली, त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. टीम लीडर शांतपणे म्हणाली, "तू कॅलेंडर बघतेस. उपचार बघ." भाजल्यावर चालू उपचार होत असेल तोवर ए, विसाव्या दिवशी असो की दुसऱ्या सर्जनकडे असो. जखम भरत आल्यावरची देखरेख, ती डी. मागे राहिलेला व्रण आखडला आणि त्यासाठी आला, तर एस.

असाच एका वाक्याचा खेळ नव्वद दिवसांचा. १५१००च्या किमतीत पुढच्या नव्वद दिवसांची नेहमीची तपासणी धरलेली असते. त्या काळात रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरात न्यावं लागलं, तर क्लेमला जोडायला दोन अंकी मॉडिफायर लागतो. आधीपासून टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं होतं? ५८, पूर्ण पैसे आणि नव्वद दिवस नव्याने सुरू. गुंतागुंत झाली म्हणून नेलं? ७८, फक्त टेबलावरच्या कामाचे पैसे. बाहेरून पाहिलं तर तेच थिएटर, तोच दिवा. फरक पडतो पहिल्या नोटमध्ये सर्जनने "उरलेला भाग पुढच्या आठवड्यात" असं लिहिलं होतं की नाही यावर. लिहिलं नसेल तर मी ते त्याच्या तोंडी घालू शकत नाही. त्याला क्वेरी, म्हणजे खुलाशाचा प्रश्न, पाठवते आणि थांबते.

कुणी म्हणेल, सेंटीमीटर मोजून काय एवढं होणार? तर ऐका. माणसाची स्वतःची कातडी न लावता दुसऱ्याची, डुकराची किंवा प्रयोगशाळेत तयार केलेली पट्टी लावली, तर आमच्या पुस्तकात ते सगळं एकाच रांगेत बसतं, १५२७१पासून पुढे. मुंबईत सायनच्या रुग्णालयातल्या त्वचापेढीत मृत दात्याची कातडी ठेवतात. तीही अमेरिकेत याच रांगेत आली असती. लावण्याचा आकडा वेगळा, आणि त्या पट्टीची किंमत वेगळी, चौरस सेंटीमीटरवर. दवाखान्यात लावलेल्या पट्टीला मेडिकेअर, म्हणजे तिकडची ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, उत्पादनाच्या विक्रीच्या सरासरी भावावर वर काही टक्के देत असे. भाव जितका चढा, तितके ते वरचे टक्के मोठे. नव्या नव्या पट्ट्या बाजारात आल्या, विशेषतः वारेच्या पडद्यापासून केलेल्या. मेडिकेअरचा यावरचा खर्च २०१९ साली सुमारे २५ कोटी डॉलर होता. २०२४ साली तो १,००० कोटींच्या वर गेला. जखमा काही चाळीस पट झाल्या नव्हत्या. शेवटी जानेवारी २०२६पासून सरसकट एक दर ठरला, चौरस सेंटीमीटरला साधारण १२७ डॉलर. म्हणजे टपालाच्या बेताच्या तिकिटाएवढ्या तुकड्याला आठ-नऊशे डॉलर, आणि हा कमी केलेला दर.

आता शेवटचा चार्ट. हा उघड सांगता येतो, कारण तो छापून येऊन दोनशे तीस वर्षं झाली.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र आहे. कावसजी, शेतकरी मराठा, १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एकाने त्याला नवं नाक बसवलं. रीत पत्रात सविस्तर आहे. नाकाच्या आकाराचा मेणाचा पत्रा केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली, आणि तेवढी कातडी सोलून दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी न तोडता फिरवून खाली आणली. सांधा धरून ठेवायला काथात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली.

मी ही नोट ऑफिसात वाचते तशीच वाचली. पट्टी जोडलेली ठेवली, रक्त चालू ठेवलं, म्हणून हे रोपण नव्हे, फ्लॅप. कपाळाचा फ्लॅप, १५७३१. पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली, नाकाच्या जागी, १५६३०. पहिल्यापासून ठरलेला टप्पा, म्हणून मॉडिफायर ५८. माप सेंटीमीटरमध्ये नाही, पण फ्लॅपला ते लागतही नाही. मेणाचा पत्रा पुरेसा. रुग्णाचं नाव आहे, कारण आहे, जागा आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने हीच रीत वाचून १८१४ साली ऑपरेशन केलं, त्याचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे.

फक्त नोटमधली एक ओळ कोरी आहे. ऑपरेशन कुणी केलं? नुसती जात लिहिली आहे. सर्जनच्या नावाशिवाय क्लेम पुढे जात नाही. मी असते तर क्वेरी पाठवली असती.