एकट्याची चूल

शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं घर सोडून परगांवीं एकट्यानें राहावयाची वेळ आली, म्हणजे मनुष्याला पहिली चिंता जेवणाची पडत नाहीं. खोली, भाडें, सामान, कचेरीची वाट ह्यांतच पहिला आठवडा निघून जातो. खानावळीचा डबा वेळेवर येत असतो. महिनाभरानें मात्र त्याच त्या पातळ भाजीचा आणि गार पोळीचा कंटाळा येतो, आणि एके दिवशीं तो इतवारींत जाऊन एक तवा, एक गंज, एक कढई, एक सराटा आणि पोळपाट-लाटणें विकत आणतो. नागपुरांत असा मनुष्य दुर्मिळ नाहीं. १९२३ सालीं येथें विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हांपासून हें परगांवच्या विद्यार्थ्यांचें शहर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येथून शिकावयास आलेलीं मुलें-मुली, मिहानमध्यें नोकरीस लागलेले तरुण, बदलीवर आलेले अधिकारी, असे कित्येक एकटे जीव भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांतल्या पुष्कळांनीं घरीं असतांना चुलीजवळ कधीं पाऊल टाकलेलें नसतें.

अशा नवशिक्याची पहिली अडचण सामानाची नसून एका शब्दाची असते. रात्रीं आठ वाजतां तो घरीं फोन करून विचारतो, “आई, वरणांत मीठ किती टाकूं?” तिकडून उत्तर येतें, “टाक अंदाजानं. त्यांत काय विचारायचं?” हा अंदाज ज्याच्यापाशीं आहे त्याला तो सांगतां येत नाहीं, आणि ज्याला तो हवा आहे त्याला तो ऐकून मिळत नाहीं.

मराठींत पाकशास्त्राच्या पुस्तकांची उणीव नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांच्या १९१० सालच्या ‘गृहिणी-मित्र’ ह्या ग्रंथांत एक हजार पाकक्रिया आहेत. १९७० सालीं कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ आली. तिनें घरांतली वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं, म्हणून नवख्या हातांना तिचा फार आधार झाला. परंतु वाटी-चमच्याचें काम कोठें तरी संपतें. मोहरी फुटली कीं नाहीं, कांदा पुरेसा तांबूस झाला कीं नाहीं, पीठ नीट मळलें गेलें कीं नाहीं, हें अखेर कान, डोळे आणि बोटें ह्यांनाच विचारावें लागतें. अंदाज म्हणजे अटकळ नव्हे. पुष्कळ वेळां नीट पाहिलेल्या गोष्टीचा तो हिशेब असतो. घरांत हा हिशेब दुसऱ्या कोणी तरी केलेला असतो. एकट्याला तो मुळापासून मांडावा लागतो, आणि तो मांडूं लागला म्हणजे त्याला ओट्याजवळच नाना चमत्कार दिसूं लागतात.

फोडणीचेंच पाहावें. मोहरीच्या दाण्यांत थोडें पाणी असतें. तेल तापलें कीं त्या पाण्याची वाफ होऊं लागते, टरफल तिला कोंडून धरतें, आणि अखेर दाणा फुटून उडतो. तेल पाण्याच्या उकळीपेक्षां बरेंच अधिक तापलें आहे, ही बातमी मोहरी अशा रीतीनें कानाला देते. नवशिका घाईनें हळद आणि तिखट आधीं टाकतो. तीं क्षणांत करपतात, आणि सगळी खोली खोकूं लागते. दुसऱ्या वेळीं तो वाट पाहतो. मसाल्यांतील बहुतेक सुगंधी द्रव्यें पाण्यापेक्षां तेलांत सहज विरघळतात, म्हणून आधीं तेलांत फोडणी आणि मग वरण, हा क्रम पडला आहे. त्यांत पडणारी हिंगाची चिमूट अफगाणिस्तान आणि इराण ह्या देशांतून येत आली आहे. भारतांत हिंगाची रीतसर लागवड हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाली. ज्या पदार्थावांचून वरणाची फोडणी पुरी होत नाहीं, तो शतकानुशतकें परदेशांतून येत होता, हें किती घरांत ठाऊक असतें?

मसाल्याचा डबा उघडला कीं त्यांत विदर्भाचा नकाशाही सांपडतो. हळद वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची, मिरची नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची. ह्या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. हळदीचा डाग कपड्यावर पडून त्यावर साबण लागला, तर तो डाग एकदम लाल होतो. नवशिका घाबरतो, परंतु कपडा धुऊन उन्हांत टाकला कीं रंग फिका पडतो. साबणांतील क्षारानें हळदीचा रंग पालटतो, आणि हळदींत चुना मिसळून कुंकूं करण्याची जुनी रीत ह्याच गुणावर उभी आहे. मिरचीची गोष्ट ह्याहून नवलाची आहे. सावजी रश्श्याचा पहिला घास घेतल्यावर तोंड भाजल्यासारखें होतें, तरी तोंडाचें तापमान वाढलेलें नसतें. उष्णतेची वार्ता मेंदूला देणारी जी योजना मज्जातंतूंत असते, तिलाच मिरचींतील द्रव्य फसवून जागें करतें. ह्या योजनेचा शोध मिरचीच्या दाहाचा माग काढीतच लागला, आणि त्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस ह्यांना २०२१ सालीं वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक अर्धें विभागून मिळालें.

तवा तापला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घरोघरीं त्यावर पाण्याचा थेंब टाकतात. तवा बेताचा तापला असेल, तर थेंब चर्र करून नाहींसा होतो. तो अतिशय तापला असेल, तर तोच थेंब नाहींसा न होतां मोत्यासारखा इकडून तिकडे धांवूं लागतो. त्याच्या खालीं स्वतःच्याच वाफेची पातळ गादी तयार होते आणि ती त्याला तव्यापासून वेगळा ठेवते. योहान लायडेनफ्रॉस्ट ह्या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं ह्या प्रकाराचें वर्णन लिहिलें, आणि आजही शास्त्रज्ञ त्याला त्याचेंच नांव देतात. धांवता थेंब दिसला कीं आंच कमी करावी, एवढें नवशिक्यानें ध्यानांत ठेवलें तरी त्याची भाकर जळत नाहीं. ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिकटपणा नसतो. म्हणून तें ऊन पाण्यानें मळावें लागतें. उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगतें आणि चिकट होऊन पिठाला धरून ठेवतें. पहिल्या चार भाकरींचे नकाशे होतात. पांचवी फुगते, आणि त्या दिवशीं भाजी काय होती ह्याची त्याला आठवणही राहत नाहीं.

दहीं विरजणें हा ऋतूंचा अभ्यासच आहे. नागपुरांत वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पौषांतील रात्री बोचऱ्या थंड असतात. उन्हाळ्यांत चार-पांच तासांत लागलेलें दहीं संध्याकाळपर्यंत आंबट होऊन जातें. हिंवाळ्यांत तेंच विरजण रात्रभर ठेवूनही दूध दुधासारखेंच राहतें. मग भांडें पंचाभोंवती गुंडाळून पिठाच्या डब्यांत ठेवावें लागतें. दुधांतील साखरेचें आम्ल करणारे सूक्ष्म जीव उबेवर वाढतात, आणि आम्ल पुरेसें झालें कीं दुधांतील प्रथिनें एकमेकांना धरून घट्ट होतात. ज्याच्या खोलींत दुसरें कोणी राहत नाहीं, त्याच्या एका वाटींत असे असंख्य जीव रात्रभर काम करीत असतात.

डाळीचेंही तसेंच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंच आहे, त्यामुळें येथें पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळतें. कुकरांत वाफ कोंडली गेली कीं तेंच तापमान सुमारें १२० अंशांपर्यंत चढतें, आणि एरवीं तासभर घेणारी तुरीची डाळ थोड्या शिट्ट्यांत मऊ होते. हिंवाळ्यांत बाजारांत पोपटाच्या शेंगा येतात. त्यांचे दाणे शिजवूनच खावेत असें घरांतील वडील माणसें सांगत आलीं. त्याचें कारण प्रयोगशाळेंत शोधणाऱ्यांत एक मराठी विदुषी होती. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, ह्यांनीं १९३९ सालीं केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढें मुंबईच्या विज्ञान संस्थेंत कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केलें. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडवणारीं द्रव्यें असतात, आणि शिजविल्यानें त्यांचा जोर नाहींसा होतो. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत ह्यांनीं ‘खमंग’ हें खाद्यपदार्थांवरील पुस्तक लिहिलें. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर ह्यांत एकाच घरच्या दोघी बहिणींना अंतर वाटलें नाहीं.

जेवण झाल्यावर भांडीं उरतात, आणि कंटाळा खरा तेथें येतो. परंतु भांड्यांच्या पाण्याकडे पाहूनही शास्त्र घडलेलें आहे. जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरांत आग्नेस पोकेल्स नांवाची स्त्री आजारी आईबापांची सेवा करीत घर सांभाळीत होती. विद्यापीठाचीं दारें तिच्या वेळीं स्त्रियांना बंद होतीं. तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा पालटतो हें तिनें घरच्या साध्या साधनांनीं मोजलें आणि १८९१ सालीं लॉर्ड रॅले ह्यांना पत्रानें कळविलें. तें पत्र त्यांनीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत छापवून आणलें, आणि पृष्ठभागांच्या अभ्यासांत तिचें नांव कायमचें राहिलें.

इतकें सगळें खरें असलें, तरी एका प्रश्नाला उत्तर दिलेंच पाहिजे. एकट्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? मूठभर तांदूळ, एक पोळी, एक भाजी. वाढावयाला कोणी नाहीं आणि चांगलें झालें म्हणावयालाही कोणी नाहीं. पुष्कळ जण ह्याच ठिकाणीं थांबतात आणि उभ्या उभ्या कांहीं तरी पोटांत ढकलतात. मोहनदास गांधी हे १८८८ सालीं विलायतेस गेले, तेव्हां अठरा वर्षांचे होते. खर्च कमी करण्यासाठीं पुढें त्यांनीं एकच खोली घेतली, एक शेगडी आणली, आणि सकाळीं ओटची लापशी व कोको करूं लागले. ह्या कामाला वीस मिनिटेंच लागत, असें त्यांनीं आत्मकथेंत लिहिलें आहे. दुपारीं बाहेर जेवावें आणि रात्रीं पाव व कोको घ्यावा, अशा रीतीनें दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांत भागूं लागला. आयुष्य दरिद्री झालें, असें त्यांना वाटलें नाहीं; आंतलें आणि बाहेरचें जगणें एका मेळांत आलें, असेंच वाटलें. मसाल्यांवांचून उकडलेला पालकही रुचूं लागला, तेव्हां चवीचें ठिकाण जिभेपेक्षां मनांत आहे असा निष्कर्ष त्यांनीं काढला. हेच गृहस्थ १९३६ सालीं नागपूरपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामास येऊन राहिले, आणि आश्रमांतील आहार हा त्यांच्या प्रयोगांचा विषय शेवटपर्यंत राहिला. स्वतःच्या पानांत स्वतः नीट वाढून घेणें ही चैन नव्हे. आपल्या देहाशीं आणि वेळेशीं सभ्यपणानें वागण्याची ती रीत आहे.

ह्या शिकण्याचा सर्वांत मोठा लाभ मात्र ताटांत दिसत नाहीं. दिवाळीला तो मुलगा घरीं जातो. आईच्या मागें स्वयंपाकघरांत उभा राहतो, आणि आजवर न दिसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. ती एकीकडे पोळी लाटीत असते, दुसरीकडे तिच्या कानांवर मोहरीचा आवाज असतो, आणि पाठमोरी असूनही दूध वर येण्याच्या आधीं तिचा हात नेमका गॅसच्या बटणावर जातो. वीस वर्षें त्यानें हें अन्न खाल्लें, त्याला नांवें ठेवलीं, मीठ कमी पडलें म्हणून तोंड वांकडें केलें. आपण खाल्लेल्या प्रत्येक घासामागें एवढें निरीक्षण, एवढी तत्परता आणि एवढें कष्ट होते, हें स्वतःचा हात पोळल्यावांचून त्याला कळलें नव्हतें. तो म्हणतो, “आई, आज भाकरी मी करतो.” आई हंसते, पण पीठ पुढें सरकवते. “कर बाप्पा. पण पाणी ऊन घे.”

म्हणून सुशिक्षित घरांतील आईबापांनीं मुलगा परगांवीं जाईपर्यंत थांबूं नये. मुलीला शिकवितात तसें मुलालाही, घर सोडण्यापूर्वीं, तीन गोष्टी तरी हातानें करावयास लावाव्या: वरणभात शिजविणें, फोडणी देणें आणि दहीं विरजणें. त्याच्या हातून वरण खारट झालें तर त्या दिवशीं सर्वांनीं तें मुकाट्यानें खावें, आणि दुसऱ्या दिवशीं मिठाचा डबा पुन्हां त्याच्याच हातांत द्यावा.