रक्तदाब आणि हृदयाच्या अरुंद वाहिन्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा डॉक्टरांच्या विषयावर मी बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण भाजीत मीठ घालणे, गोळ्यांची पुडी सांभाळणे आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे आपल्याकडेच आहेत. म्हणून हा विषय आपलाही आहे.

हृदय हा एक स्नायू आहे. तो साऱ्या शरीराला रक्त पोचवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते आणणाऱ्या वाहिन्या निराळ्या. वयाने, तंबाखूने, मधुमेहाने त्यांच्या आत चरबीचा थर बसतो आणि वाट अरुंद होते. वाढलेला रक्तदाब वाहिन्यांचे अस्तर दुखावतो, त्यामुळे हा थर लवकर चढतो.

रक्तदाब वाढला की हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे त्याची भिंत जाड होते. जाड झालेल्या स्नायूला रक्त अधिक हवे, आणि वाट तर अरुंद! बंडीत ओझे वाढवावे आणि बैलाचा चारा तोडावा, तसा हा प्रकार. सपाट रस्त्यावर बैल ओढील, चढावर मात्र बसेल. म्हणूनच स्वस्थ बसले असता काही वाटत नाही, पण पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या चढताना छाती आवळल्यासारखी होते. पुढे तो थर फुटला की तेथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद पडते आणि झटका येतो.

आपल्या वर्ध्याला ही गोष्ट नवी नाही. महात्माजींच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी छापल्या गेल्या आहेत, त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा दाब १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० होता. सेवाग्रामला त्यांच्याजवळ असणारे महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत, हृदयविकाराने गेले. वय अवघे ५० वर्षांचे. महात्माजी सर्पगंधेचे थेंब घेत. याच मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. पण तिच्यापासून केलेल्या औषधाने काहींचे मन फार खिन्न होते, असेही पुढे आढळले. तेव्हा झाडपाल्याचे म्हणून कोणाचेही चूर्ण मनाने घेऊ नये.

आता घरातले सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना गोळी चालू होती. दाब उतरला, डोके दुखायचे थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता कशाला पैसे घालवायचे? मुलाची फी भरायची आहे.” चार महिने गोळी बंद. मग कापूस वेचताना दम लागू लागला, जबडा आणि डावा हात दुखू लागला. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. वेचणी संपायची होती ना! तपासणीत हृदयाची एक वाहिनी बरीच अरुंद निघाली. आज त्या आपल्यात बसल्या आहेत, हे आमचे भाग्य. पण भगिनींनो, दाब उतरला होता तो गोळीमुळे, हे त्या दिवशी आमच्या घराला कळले.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवू या. दाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून वर निघाला तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, मोजताना बोलू नये. दिवसाचे सारे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर असावे. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या यांतले मीठही त्यातच धरावे. खर्रा आणि तंबाखू घरातून घालवावा.

दाब फार उतरणेही अशा हृदयाला बरे नाही. हृदय आपले रक्त बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात घेते. खालचा आकडा फारच उतरला तर अरुंद वाटेतून रक्त पुढे सरकत नाही. म्हणून एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने अंग सुकते. तेव्हा चक्कर आली तर डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्यावी, गोळी आपणहून सोडू नये.

बायकांचा झटका नेहमी छातीतल्या कळेनेच येतो असे नाही. घाम, मळमळ, दम, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, एकाएकी गळून जाणे, हीही लक्षणे आहेत. त्याला पित्त म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी.

शेवटी एक विनंती. रक्तदाब आवरण्याच्या सरकारी उपक्रमात वर्धा जिल्हा सुरुवातीपासून आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात दाब मोजून गोळ्या मिळतात. तेव्हा पैशापायी कोणी गोळी सोडू नये. मंडळातल्या प्रत्येकीने पुढच्या महिन्यात आपला दाब मोजून घ्यावा, आणि येताना शेजारच्या एकीला सोबत न्यावे. घरातल्या सगळ्यांची जेवणे झाल्यावर आपण जेवतो, ते ठीक. पण सगळ्यांची औषधे झाल्यावर आपले औषध, असे मात्र करू नका.