पत्त्याचा रकाना
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



'बेघर' हा शब्द मुलांना कसा शिकवावा, हा विषय आज मला दिला आहे. आपल्याकडे तो बहुधा दयेच्या धड्यातून शिकवला जातो. थंडीत जुने कपडे गोळा होतात, मुले ते रांगेने वाटतात, छायाचित्र निघते. कपड्यांची ऊब खरी असते, तिला मी नावे ठेवणार नाही. पण आपण देणारे आणि तो घेणारा, एवढेच त्यातून मुलाच्या मनावर ठसते.

मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी 'माझे घर' हा निबंध देत असे. एका वर्षी गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या वडार कुटुंबातील मुलाने चारच ओळी लिहिल्या. बांबू, ताडपत्री, गाढवे आणि खाणीवर गेलेले वडील. मी तांबड्या शाईने 'अपूर्ण' असा शेरा मारला. ज्या शाळेत बसून तो मारला, तिच्या पायाचा दगड कोणी फोडला असेल, हे वर्गाला विचारण्याचे मला सुचले नाही.

धडा तेथूनच सुरू व्हावा. आजीच्या पाट्या-वरवंट्याला टाकी कोण लावून देई? विळ्या-खुरप्यांना धार कोण लावी? वडार, घिसाडी, वैदू या सर्वांची गावाला गरज होती. गावठाणात त्यांना जागा मात्र नव्हती. मग इतिहास सांगावा. १८७१ साली इंग्रजांनी आणलेल्या आणि पुढे देशभर पसरवलेल्या कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परकीयांनी लावलेला तो कलंक आपण स्वकीयांनी पुसला काय? चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, हे मुले शाळेत नव्हे, घरी ऐकतात. पालकहो, हा पाठ तुमच्याकडे आहे.

मोठ्या मुलांपुढे आकडे ठेवावेत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. संख्या भरली सुमारे १७ लाख ७३ हजार. आज येथे तर उद्या तेथे असलेले पाल त्या एका रात्री किती सापडले असेल, याचा विचार मुलांनाच करू द्यावा. आपल्या राज्यात भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जात आला आहे. ज्याच्या आजोबांचा संसार गाढवाच्या पाठीवर होता, त्याने तो कोठून आणावा? आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. मुले गप्प बसत नाहीत.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला १९९३ पासून गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी पारधी व अन्य भटक्या समाजांतील मुलांसाठी जे उभे केले, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण प्रत्येक मूल यमगरवाडीला जाणार नाही. ते तुमच्या शाळेच्या दारात उभे राहील, बहुधा दिवाळीनंतर, वर्ष अर्धे सरल्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. पत्त्याच्या रकान्यात 'फिरस्ता' लिहून मोकळे होऊ नका. पालाजवळचे देऊळ, ओढा, खाण, जे असेल ते लिहा. पाल उठण्याची चाहूल लागली की पुढचा मुक्काम आईला विचारून घ्या आणि तेथील मुख्याध्यापकांना त्याच दिवशी फोन करा.