गोचिडीचा ताप
(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींची गळती अशा विषयांवर बोलणे होते. यंदा मी गोचिडीवर बोलणार हे कळताच आमच्या शिक्षकांच्या खोलीत बरीच थट्टा झाली. मी बी.ए., बी.एड. माणूस, इतिहास आणि मराठी शिकवतो. जंतूंशी माझा संबंध काय? संबंध आला तो हजेरीपटामुळे.

दोन वर्षांपूर्वी बकरी ईदनंतर आठवीतला एक मुलगा शाळेत येईना. चौकशी केली तेव्हा त्याचे अब्बा म्हणाले, ताप आहे, टायफॉइडचे औषध चालू आहे. सहाव्या दिवशी मी घरी गेलो. मुलाचे डोळे लाल, पावलांवर सूज, आणि तळहातांवर व तळपायांवर लाल ठिपके. आई म्हणाली, गोळ्यांची अॅलर्जी झाली. रात्री मुलगा बरळू लागला म्हणून त्याला मोठ्या दवाखान्यात हलवले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले आणि विचारले, "घरी बकरी आहे? कुत्रा?"

कुर्बानीचा बोकड दोन आठवडे अंगणात बांधलेला होता. त्याला चारा घालणे हे या मुलाचेच काम. बोकडाच्या कानातल्या गोचिडी तो हाताने उपटायचा आणि नखाने चिरडायचा. गल्लीतली कुत्रीही सावलीला तिथेच पडून असत. नेमकी कुठली गोचीड भोवली हे कोणी सांगू शकणार नाही. बाईंनी त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन हे औषध सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलगा वाचला, मात्र एका कानाच्या पाळीची कड काळी पडून झडली, ती गेलीच.

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळत होता. अंगणातल्या क्षुद्र जिवाच्या चाव्याने आठवड्यानंतर कानाची पाळी का झडावी? मी डॉक्टरांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. त्यातून समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

गोचीड हा कीटक नव्हे, ती कोळ्याच्या गोतातली. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला पाय आठ. ती चावते तेव्हा दुखत नाही, कारण तिच्या लाळेत त्वचा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. डासाप्रमाणे ती क्षणात उडून जात नाही. दिवसचे दिवस चिकटून बसते. या तापाचे जंतू तिच्या लाळेच्या ग्रंथीत असतात आणि उपाशी गोचिडीत ते सुस्त असतात. पोटात गरम रक्त गेले की काही तासांनी ते जागे होतात आणि लाळेबरोबर आपल्या कातडीत उतरतात. म्हणून गोचीड जितकी लवकर निघेल तितके बरे. आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे हा जंतू मादीकडून अंड्यांत जातो. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तीही बहुधा भिंतीच्या भेगांत.

जंतूचे नाव रिकेट्सिया. हॉवर्ड टेलर रिकेट्स या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली दाखवून दिले की तिकडच्या डोंगरातला ठिपक्यांचा ताप गोचीड पसरवते. पुढे १९१० साली मेक्सिकोत टायफस तापाचा अभ्यास करताना त्याच तापाने तो गेला. वय अवघे ३९. त्याच १९१० साली ट्युनिसमध्ये कॉनोर यांनी तिकडच्या तापाचे वर्णन केले, म्हणून आपल्याकडच्या जातीला रिकेट्सिया कॉनोराय म्हणतात. हिंदुस्थानात मेगॉ या डॉक्टरांनी १९२१ साली टायफससारख्या तापाबद्दल लिहून गोचिडीवर संशय घेतला होता. म्हणजे हे दुखणे नवे नाही. आपण त्याला नवा ताप म्हणतो, कारण त्याच्यावर पूर्वी टायफॉइडची, मलेरियाची आणि आता डेंग्यूची चिठ्ठी लागते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या नाशकाची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तांब्याच्या पातेल्याला आतून कल्हई असते. ती उडाली की पातेले दिसायला तेच, पण आतला पदार्थ कळकतो. रक्तवाहिनीलाही आतून असेच पातळ अस्तर असते, एका पेशीच्या जाडीचे. फरक इतकाच की हे अस्तर जिवंत आहे. रिकेट्सियाला राहायला तेच लागते. हा जंतू इतका बारीक की हजार जंतू एका ओळीत ठेवले तरी लांबी एकदोन मिलिमीटरच भरेल.

चाव्याच्या जागी तो आधी जवळच्या पेशींत शिरतो. शिरतो म्हणण्यापेक्षा त्याला आत घेतले जाते. तो पेशीला अशा रीतीने चिकटतो की पेशी स्वतःच त्याच्याभोवती दुमडते आणि त्याला एका पिशवीत बंद करून पोटात घेते. पेशीचा बेत त्या पिशवीत त्याला पचवून टाकण्याचा. परंतु जंतू काही मिनिटांत पिशवी विरघळवून बाहेर पडतो आणि पेशीच्या गाभ्यात मोकळा होतो. तिथे एकाचे दोन, दोनाचे चार.

याच्यापुढचे वाचून मी थक्क झालो. पेशीला आकार देण्यासाठी अॅक्टिन नावाचे धागे असतात. जंतू तेच धागे आपल्या मागे रचून घेतो, जणू शेपटी, आणि ती शेपटी वाढत जाते तसा तो पुढे ढकलला जातो. शेवटी शेजारच्या पेशीची भिंत आत दाबून तो पलीकडे जातो. जुन्या नाशकातले वाडे भिंतीला भिंत लागून आहेत. तिथल्या चोराला घरातून घरात भिंत फोडूनच जाता आले, तर रस्त्यावरच्या गस्तवाल्याला तो दिसेल कसा? रक्तातल्या संरक्षक पेशींची तीच अडचण होते.

सगळेच जंतू असे चालत नाहीत. अमेरिकेत लाइम नावाच्या गावी १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले. त्याच्या जंतूची माहिती विली बर्गडॉर्फर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. तोही गोचिडीचाच, पण बुचाच्या स्क्रूसारखा वळलेला. स्वतःच्या अंगाला पीळ देत कातडीतून वाट काढतो, रक्तात उतरतो, आणि सांधे, मज्जातंतू, हृदय गाठतो.

रिकेट्सियाही लसिकेच्या वाटेने जवळच्या गाठींत आणि तिथून रक्तात जातो, पण रक्तात तो रमत नाही. बारीक रक्तवाहिनी दिसली की पुन्हा अस्तरात घुसतो. कातडी, मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड, सगळीकडे. याला दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत काळ लागतो. तोवर घरचे लोक गोचीड विसरलेले असतात. ईद होऊन गेलेली, बोकड नाही, मग सांगणार काय?

अस्तर बिघडले की रक्तवाहिनी झिरपू लागते. तो लाल ठिपका अॅलर्जी नव्हे. तिथली बारीक वाहिनी गळते आहे. सूज त्यामुळेच, रक्तदाब उतरतो तोही त्यामुळेच. भोके बुजवण्यात प्लेटलेट खर्ची पडतात, आणि रिपोर्टमध्ये त्या कमी दिसल्या की सगळे डेंग्यू म्हणतात. बोटांची टोके, कानाची पाळी अशा टोकाच्या जागी रक्त पोचेनासे झाले की तो भाग काळा पडतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

अंगावरचा एक पुरळ दुसऱ्यापासून ओळखावा कसा, ही विद्या लहान नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर यांतला फरक सांगणारा ग्रंथ लिहिला, तो शतकानुशतके युरोपातही वाचला गेला. आपल्या महाराष्ट्रात अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याच तापासाठी गुण देऊन निदान करण्याची पद्धत सुचवली. गोचिडीशी संबंध आला होता का, ठिपके तळहाता-तळपायांवर आहेत का, यांना त्यात गुण आहेत. त्याच्याही आधी, १९८४ साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सियांवर निबंध प्रसिद्ध केला होता. पुणे आपल्याला काही लांब नाही.

तपासणी करून का घेत नाहीत, असे कोणी विचारील. १९१६ पासूनची वाइल-फेलिक्स तपासणी स्वस्त आहे, पण पहिल्या आठवड्यात ती बहुधा काही दाखवत नाही आणि नंतरही पक्की नसते. म्हणून संशय आला की तपासणीची वाट न पाहता औषध सुरू करावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पेनिसिलिनसारखी औषधे इथे चालत नाहीत. जंतू पेशीच्या आत बसलेला. डॉक्सिसायक्लिन आत पोचते. मुलांचे दात पिवळे पडतील ही भीती या जातीच्या जुन्या औषधांमुळे पसरली. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने तसे होत नाही असे पुढच्या अभ्यासांत दिसले. तरीही दुकानातून स्वतःच गोळ्या आणण्याचा शहाणपणा कोणी करू नये. गोचिडीचा प्रत्येक ताप असा नसतो. २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माणसे दगावली तो माकडताप. त्याचा विषाणू असतो, त्याला हे औषध लागू पडत नाही.

मात्र डॉक्टरांना संशय येणार तो आपण सांगितले तर. ताप आलेल्या मुलाला नेताना पहिल्याच दिवशी सांगा की घरी बोकड होता, गल्लीत कुत्री आहेत, मुलगा रानात गेला होता. कोणी हसले तर हसू द्या. आमच्या त्या मुलाच्या घरी हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. मीही घरी गेलो तेव्हा अंगणातला रिकामा खुंटा पाहून आलो होतो.

आपण वुजू करतो तेव्हा हात, कोपर, कान, पावले यांवरून पाणी फिरते. बोकड घरी असेल त्या दिवसांत मुलांना तेव्हाच कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत नजर टाकायला सांगा. काख, केसांची मुळे आणि कंबरपट्ट्याची जागा अंघोळीच्या वेळी पाहावी. बोकड आणल्याबरोबर जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचिडींचे औषध लावून घ्यावे. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल नको, आगकाडी नको, नखाने चिरडणे तर मुळीच नको. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीच्या अगदी लगत तोंडाशी धरावे आणि न पिळता सरळ वर ओढावे. मग साबणाने हात धुवावेत आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना दाखवावी.

असा एक चिमटा मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर तो कसा धरायचा ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढच्या टेबलाशी यावे. दाखवण्याचे काम तोच मुलगा करणार आहे, तो आता दहावीत आहे.