न बोलावलेला उमेदवार



नोकरभरतीचे काम करणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मजकडे सोपवून आपण जो बहुमान केलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. १९२५ साली नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले, पुढे ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती गजबजल्या. या अवधीत नोकरीच्या अर्जांचे किती गठ्ठे या नाशिक शहरात आले आणि त्यांतले किती वाचलेही न जाता रद्दीत गेले, याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात मिळणार नाही.

मुलाखत कशी घ्यावी यावर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. पण मुलाखतीस कोणाला बोलवावे हा निर्णय बहुधा एखादा कनिष्ठ अधिकारी जेवणाच्या सुट्टीपूर्वी, तांबड्या पेन्सिलीच्या साहाय्याने, उरकून टाकतो. मुलाखतीत उमेदवाराला निदान आपली बाजू मांडता येते. छाननीच्या मेजापाशी मात्र तो स्वतः हजर नसतो, त्याचा वकील नसतो, आणि शेरा मारणाऱ्याला जाब विचारणारेही कोणी नसते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, छाननीचे निकष गठ्ठ्याची दोरी सोडण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजेत, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण नमूद झाले पाहिजे.

सर्वांनाच बोलवावे, असे मात्र मी म्हणत नाही. हरियाणाच्या लोकसेवा आयोगाने ६१ जागांच्या जाहिरातीवर १३०० हून अधिक उमेदवार तोंडी परीक्षेस बोलावले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अशोक कुमार यादव खटल्यात ती पद्धत नापसंत ठरवून, जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत असे बजावले. कारण गर्दी जितकी मोठी, तितका मर्जीला वाव अधिक. उलट मध्य प्रदेशात कामगार न्यायालयाच्या पदासाठी कायद्याने पाच वर्षांची वकिली पुरेशी असता, तेथील आयोगाने अर्जांची संख्या पाहून मुलाखतीपुरती ती साडेसात वर्षांवर नेली, आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही ग्राह्य धरले. ते कायदेशीर आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सहा वर्षांच्या अनुभवाचा जो मनुष्य जाहिरात वाचून, दाखले साक्षांकित करून, आशेने अर्ज धाडतो, त्याला ही वाढलेली अट आधी कळणे हा साध्या सभ्यतेचा भाग आहे, असे मला वाटते.

आता आपल्या घरचे पाहू. याच नाशकात १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी दिसताच अर्ज बाजूला सारण्याची खोड काही कचेऱ्यांना आहे. आणि ती पदवी मिळवणाऱ्याने बहुधा दिवसा यंत्रावर उभा राहून रात्री अभ्यास केलेला असतो, हे त्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेले असते. पण दुसरे पान उलटतो कोण? निफाड-दिंडोरीकडच्या पदविकाधारकाच्या अर्जात दीड वर्षाचा खंड आढळला की ‘अस्थिर’ असा शेरा पडतो. पण त्या काळात वडील अंथरुणाला खिळल्यामुळे घरच्या द्राक्षबागेतील एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधफवारणी, मजुरांचे पगार आणि व्यापाऱ्याशी घासाघीस हे सारे त्या मुलाने एकट्याने सांभाळलेले असते. ज्या देखरेखीच्या हुद्द्यासाठी आपण माणूस शोधत असतो, त्याचेच ते शिक्षण होय. बाळंतपणानंतर परतणाऱ्या स्त्रियांच्या अर्जांची गत याहून वाईट आहे, आणि त्याविषयी आपण सर्वच मौन पाळतो.

हल्ली ही तांबडी पेन्सिल संगणकाच्या हाती गेली आहे. जाहिरातीतील शब्द अर्जात सापडले नाहीत की तो अर्ज मागे टाकतो. यंत्राला मर्जी नसते हे खरे, पण ते चालवणाऱ्याची मर्जी ते अहोरात्र, न थकता, अमलात आणते. त्यामुळे शब्दांची ती यादी कोणी केली आणि केव्हा केली, याचीही नोंद दफ्तरी हवी.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा आपणांसमोर येईल. त्यात दोन कलमे घालावीत, अशी माझी सूचना आहे: प्रत्येक भरतीत नाकारलेल्या अर्जांपैकी काही अर्ज, पहिला शेरा झाकून, दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा वाचावेत, आणि दोघांचे मत भिन्न पडल्यास त्या उमेदवारास मुलाखतीचे पत्र जावे. टपालखर्च वाढेल, हा आक्षेप खजिनदारांनी आताच बोलून दाखवला आहे. त्यावरही चर्चा व्हावी.