रोवणी झाली, राखण कोणाची?



गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणी म्हणजे काय, हे येथे कोणालाही शिकवावे लागत नाही. पऱ्हे उपटून बांधीत रोवले म्हणून शेतकरी निश्चिंत होऊन घरी बसत नाही. तो पाणी राखतो, निंदण काढतो, कीड पाहतो. मग त्याच धानावर चालणाऱ्या राइस मिलच्या आवारात लावलेले रोप मात्र लावल्या दिवशीच पोरके का व्हावे?

१९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्राने २०१६ साली १ जुलै या एका दिवसात दोन कोटी रोपांचा आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचा संकल्प केला. संकल्प मोठेच होते. परंतु खड्ड्यांचा आकडा म्हणजे झाडांचा आकडा नव्हे. झाडांची खरी मोजणी तिसरा उन्हाळा उलटल्यावर करावयाची असते.

रोप मरते ते केवळ उन्हाने, हा समज अपुरा आहे. या भागाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. कन्हारसारख्या भारी जमिनीत, त्यातही ट्रकच्या चाकांनी दडपलेल्या आवारात, खणलेला खड्डा म्हणजे पाण्याचे डबकेच. तेथे मुळांना हवा मिळत नाही आणि ऐन श्रावणात रोप पिवळे पडते. म्हणून खड्डा खोलीपेक्षा रुंदीला अधिक असावा, भोवतालची घट्ट माती सैल करावी आणि मुळे जेथून फुटतात तो खोडाचा भाग जमिनीत गाडला जाऊ नये. सखल जागी अर्जुन, जांभूळ, करंज लावावेत; निचऱ्याच्या बर्डी जमिनीवर कडुनिंब शोभतो.

दुसरी कसोटी पाऊस सरल्यावर सुरू होते. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि वैशाखात होरपळतात. त्यापेक्षा चार-सहा दिवसांनी आळे भरून, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. मात्र आधी बोटाने मातीची ओल पाहावी. कुंपणालगत मेंदी, अडुळसा, निरगुडी असतात. त्यांच्याकडेही लक्ष द्यावे लागते.

आच्छादनासाठी लांब जाण्याची गरज नाही. धानाची तणस आळ्यात चार बोटे जाड पसरावी. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, अन्यथा वाळवी आणि कूज आत शिरते. गिरणीतले कच्चे तूस मातीत मिसळू नये. ते कुजताना मातीतील नत्र सूक्ष्मजीवच वापरतात आणि रोप उपाशी राहते. बॉयलरची राख आणि उसना तांदूळ करताना उरलेले सांडपाणी रोपाच्या बुंध्याशी टाकणे हा तर सोयीचा आळस आहे. पानांवर धूळ साचली तर ती धुऊन काढावी.

आधाराची काठी सुतळीने सैल बांधावी, तारेने नव्हे. वर्षभरानंतर ती काढावी. वाऱ्यात डुललेले खोडच बळकट होते. फरशी व सिमेंट खोडापर्यंत नेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढी जागा प्रत्येक मालकाने आदेशाची वाट न पाहता सोडावी.

हे सारे कोणी करावयाचे? 'सर्वांनी' म्हटले की कोणीच करीत नाही. मालकाने एका माणसाकडे हे काम नेमून द्यावे, त्या वेळेची मजुरी द्यावी आणि महिन्यातून एकदा स्वतः फेरी मारावी. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या पावसात नवे लावावे, पण आधी पहिले का मेले हे शोधावे.

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पाळ एकदाच बांधली जाते. ती टिकवावी मात्र पिढ्यानपिढ्या लागते. गिरणीच्या दारात पोती उतरवून घामाघूम झालेल्या हमालाला मे महिन्यात घटकाभर सावली मिळाली, तर त्या मालकाचे वृक्षारोपण सफल झाले. फलकावर कोणाचे नाव आहे, हे तो हमाल पाहणार नाही. तो सावली पाहील.